अलार्म ‘वेंट ऑफ’ झाला म्हणजे वाजला की बंद पडला?

या वेळी एकच विषय, ‘गो ऑफ’. बरीच पत्रं एकाच वळणाची होती म्हणून एकत्र घेतेय. काही फार लांब होती ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. आमची टीम वेगवेगळ्या देशांत आहे त्यामुळे सगळं चॅटिंग इंग्रजीत चालतं. परवा मीटिंग चालू असताना माझ्या फोनची बॅटरी संपली, फोन बंद पडला आणि मी मीटिंगमधून गायब. नंतर मॅनेजरला लिहिलं, ‘सॉरी, माय फोन वेंट ऑफ ड्युरिंग द मीटिंग’. उत्तर आलं, ‘काही हरकत नाही, पुढच्या वेळी सायलेंटवर ठेव’. मी चक्रावलो. बंद पडलेला फोन सायलेंटवर कसा ठेवायचा? माझं इंग्रजी चुकलं की त्यांचं?

उत्तर : आधी हसून घेते, सॉरी. मॅनेजरचं काही चुकलं नाही हो. ‘माय फोन वेंट ऑफ’ म्हटलं की इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानात रिंगच वाजते. त्यांना वाटलं तुमचा फोन भर मीटिंगमध्ये ठणाणा केला आणि त्याबद्दल तुम्ही माफी मागताय. तुम्हाला म्हणायचं होतं ‘माय फोन डाइड’. बस, एवढंच. फोन मरतो, इंग्रजीत त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आता हे असं का, ते जरा बैजवार सांगते, कारण पुढची अर्धी पत्रं यावरच आहेत.

आपण मराठीत ‘ऑफ’ हा शब्द उचलला तो बटणावरून. पंखा ऑफ कर, फोन ऑफ झाला, आज मूड ऑफ आहे. त्यामुळे ऑफ म्हणजे बंद हे डोक्यात असं घट्ट बसलंय की निघता निघत नाही. पण बटणावरचा ऑफ हे त्या शब्दाचं शेंडेफळ आहे. मूळ अर्थ ‘पासून दूर, वेगळं, सुटून’. अंगातला कोट काढला, टेक ऑफ. विमानाने जमीन सोडली, तेही टेक ऑफ. शर्टाचं बटण तुटून आलं, केम ऑफ. घोड्यावरून पडला, फेल ऑफ. यातलं बंद काय झालं सांगा बरं? काहीच नाही. सगळीकडे एक वस्तू दुसरीपासून लांब गेली. दिव्याचंही तेच, त्याला विजेपासून तोडला म्हणून तो विझला. ‘बंद’ हा परिणाम आहे, शब्दाचा अर्थ नव्हे, आणि आपण परिणामालाच अर्थ समजून बसलो.

मग अलार्म वाजतो तेव्हा कशापासून लांब जातो? जुनं चावीचं गजराचं घड्याळ कुणी उघडून पाहिलं असेल तर लगेच कळेल. चावी देऊन स्प्रिंग पिळून ठेवलेली असते, एक बारीकसा अडसर तिला धरून असतो, वेळ झाली की अडसर बाजूला सरकतो, स्प्रिंग सुटते आणि छोटी हातोडी घंटेवर बडवायला लागते. बंदुकीचं यंत्रही असंच, घोडा ताणून अडकवलेला, चाप ओढला की सुटला. बंदुकीसाठी ‘गो ऑफ’ इंग्रजीत 16 व्या शतकापासून वापरात आहे, म्हणजे विजेच्या बटणाच्या कितीतरी आधीपासून. बॉम्ब, फटाका, उंदराचा सापळा, धुराचा अलार्म, सगळी एकाच जातीची मंडळी. काहीतरी दाबून, ताणून, अडवून ठेवलेलं असतं आणि ते एका क्षणी सुटतं. मोबाइलमध्ये आता कसली स्प्रिंग नि कसली हातोडी, पण शब्द तोच राहिला.

‘सुटतं’ असं मी म्हटलं ना, तिथेच तुमचं उत्तर आहे. मला विचाराल तर मराठी माणसाला ‘गो ऑफ’ अवघड वाटायलाच नको, कारण आपलं ‘सुटणे’ त्याच्याइतकंच वाह्यात आहे. वारा सुटला म्हणजे सुरू झाला. शाळा सुटली म्हणजे संपली. घाम सुटला, तोंडाला पाणी सुटलं, हे सुरू. सवय सुटली, नोकरी सुटली, हे संपलं. ‘माझी गाडी सुटली’ हे तर ऐकणाऱ्यालाच ठरवावं लागतं की हा गाडीत बसून निघाला की फलाटावर राहिला. आणि पोट सुटलं ते वेगळंच, त्यावर मी बोलत नाही. यातल्या कशानेही कधी आपला गोंधळ होतो का? नाही, कारण काय सुटलं ते ऐकलं की कळतं की मोकळं होऊन आत आलं की मोकळं होऊन निघून गेलं. इंग्रजीवाला ‘वेंट ऑफ’ ऐकताना अगदी हेच करतो, आधी कर्ता बघतो. अलार्म, फोन, सायरन, बंदूक आहे? मग आवाज झाला. लाइट, हीटर, टीव्ही आहे? मग गेलं. ‘गेलं’वरून आठवलं, आपणही ‘लाइट गेली’ म्हणतोच की! वेंट म्हणजे गेली, शब्दाला शब्द.

फोन ही तेवढी अडचणीची जागा, कारण तो वाजतोही आणि बंदही पडतो. तिथे इंग्रजीने वाजण्याची बाजू घेतलीय, हे एकदा लक्षात ठेवा आणि मॅनेजरला खरं काय झालं ते सांगून टाका, उगाच बेशिस्तीचा शिक्का नको.

प्रश्न : मी शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्याकडच्या एका गाइडमध्ये ‘गो ऑफ’चे अकरा अर्थ दिलेत, मुलं पाठ करतात आणि पेपरात नेमका चुकीचा लिहून येतात. एवढे अर्थ एकाच क्रियापदाला कशाला हवेत? आणि शिकवायचे कसे?

उत्तर : बाई, अकराच दिलेत म्हणजे गाइडवाला दयाळू दिसतो.

कशाला हवेत याचं उत्तर कुणाकडेच नाही, पण ही तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 मध्ये जी प्रसिद्ध डिक्शनरी काढली तिच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदाच्या शेपटीला एक छोटा शब्द जोडून अर्थ फिरवायची ही इंग्रजीची खोड परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. उदाहरणं म्हणून त्याने कम ऑफ, ब्रेक ऑफ, सेट ऑफ, टेक ऑफ अशी रांगच लावलीय, म्हणजे ऑफने तेव्हाही डोकं खाल्लं होतं. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र त्या मानाने अगदी अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथ याने ते 1925 मध्ये रूढ केलं, आणि हे नाव आपल्याला हेन्री ब्रॅडली या कोशकाराने सुचवलं असंही त्याने सांगून टाकलं. म्हणजे दुखणं जुनं, नाव नवं.

शिकवायचं म्हणाल तर यादी फळ्यावरून पुसून टाका. मी काय करते सांगते. अर्थ न देता नुसती वाक्यं देते आणि मुलांना एकच प्रश्न विचारते : कोण, कशापासून लांब गेलं? ‘ही वेंट ऑफ टु कॉलेज’, तो निघाला, घरापासून लांब. ‘द बेबी वेंट ऑफ टु स्लीप’, बाळ जागेपणापासून लांब. ‘शी वेंट ऑफ द सब्जेक्ट’, बोलता बोलता विषयापासून लांब, आपण ‘भरकटली’ म्हणतो तेच. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’, दूध चांगल्या अवस्थेपासून लांब, म्हणजे नासलं. चौथ्या-पाचव्या वाक्याला मुलं स्वतःच सांगायला लागतात. सगळीच वाक्यं या चौकटीत बसत नाहीत हेही त्यांना सांगा, नाहीतर एखादं कार्टं हमखास तुम्हाला अडवणार.

न बसणारं वाक्य मीच देते. ‘द इव्हेंट वेंट ऑफ वेल’, कार्यक्रम नीट पार पडला. इथे कोण कशापासून लांब गेलं ते मला आजवर पटेल असं सांगता आलेलं नाही. हे सरळ पाठच करायचं. फक्त एक, यात पुढे ‘वेल’ किंवा ‘स्मूदली’ असं काहीतरी लागतंच. नुसतं ‘द इव्हेंट वेंट ऑफ’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाक्य अर्धवट वाटेल, किंवा मंडपात स्फोट झाला की काय असं वाटेल.

आणि हो, नासण्याचा अर्थ ब्रिटिश वळणाचा. अमेरिकन माणूस बहुतेक वेळा ‘द मिल्क वेंट बॅड’ म्हणेल. पेपर तपासताना दोन्ही बरोबर धरा.

प्रश्न : माझी मैत्रीण परदेशात असते. तिने लिहिलं, ‘आय हॅव गॉन ऑफ हिम’. मला वाटलं ती त्याच्यावर भडकली, मी म्हटलं भांडण मिटवून टाक. ती म्हणते भांडण झालंच नाही. मग झालं काय?

उत्तर : अगं, भांडण झालं असतं तर परवडलं असतं. मन उडालंय तिचं त्याच्यावरून. आधी आवडायचा, आता नाही आवडत, आणि बऱ्याचदा त्याला धड कारणही नसतं. हाही ब्रिटिश वापर आहे.

तुझा घोटाळा झाला तो ‘गो ऑफ ऑन समवन’शी. अमेरिकन बोलण्यात ‘शी वेंट ऑफ ऑन हिम’ म्हणजे तोंड सोडलं त्याच्यावर, फाडफाड बोलली. मधे एक एवढासा ‘ऑन’ आला आणि सगळं उलटं झालं. ऑनवालं प्रकरण गरम असतं, बिनऑनवालं थंड. मैत्रिणीचं थंड झालंय, त्यामुळे तुझा समेटाचा सल्ला इथे चालणार नाही, तिला आता गप्प राहून ऐकणारं माणूस हवंय.

यात मला एक गंमत वाटते ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. दूध ‘गो ऑफ’ होतं आणि माणूसही एखाद्या गोष्टीवरून ‘गो ऑफ’ होतो, पहिल्यात बिघाड वस्तूत, दुसऱ्यात बिघाड (बिघाड म्हणावं का?) आपल्या आवडीत. आपल्याकडे जुन्या मराठीत ‘विटणे’ नेमकं असंच वागायचं. रंग विटतो, शिळं अन्न विटतं आणि माणूस जिवाला विटतो. वस्तूही विटते, मनही विटतं. दोन भाषा, एकमेकींशी काही देणंघेणं नाही, आणि चालल्या एकाच पायवाटेने. फक्त ‘विटणे’ जास्त कडवट आहे. ‘गॉन ऑफ हिम’ला एवढी धार नाही, तिथे ‘मन उडालं’ बरोबर बसतं.

व्याकरणाचं एक छोटं : इथे ज्याच्यावरून मन उडालं तो कायम शेवटी येतो. ‘गॉन ऑफ हिम’. मधे घुसवून ‘गॉन हिम ऑफ’ असं कधीच होत नाही. ‘टेक इट ऑफ’ होतं म्हणून लोक फसतात.

प्रश्न : धुरामुळे अलार्म वाजला हे सांगताना मी ‘द स्मोक वेंट ऑफ द अलार्म’ लिहिलं. लाल रेघ आली नाही तरी सर म्हणाले चूक आहे. का?

उत्तर : कारण ‘गो ऑफ’ आपलं आपण होतं, कुणी कुणाला करत नाही. मराठीत बघा, ‘बाण सुटला’ आणि ‘त्याने बाण सोडला’. ‘त्याने बाण सुटला’ असं तुम्ही झोपेतसुद्धा म्हणणार नाही. इंग्रजीत सुटणेची जागा ‘गो ऑफ’ची आणि सोडणेची जागा ‘सेट ऑफ’ किंवा ‘लेट ऑफ’ची. म्हणून ‘द स्मोक सेट ऑफ द अलार्म’. फटाके उडवायचे तर ‘लेट ऑफ’ किंवा ‘सेट ऑफ’, दोन्ही चालतात. आणि गंमत म्हणजे पोलिसांनी एखाद्याला समज देऊन सोडून दिलं तरी इंग्रजीत ‘लेट ऑफ’च, ‘ही वॉज लेट ऑफ विथ अ वॉर्निंग’. आपलं ‘सोडलं’ इथेही जसंच्या तसं!

त्याच कारणाने ‘द अलार्म वॉज गॉन ऑफ बाय स्मोक’ हेही लिहू नका. आपोआप होणाऱ्या क्रियेचं कर्मणी होत नाही. आणि लाल रेघेवर विसंबू नका, तिला स्पेलिंग कळतं, अर्थ नाही.

प्रश्न : ‘ओ एफ’ आणि ‘ओ डबल एफ’ यात माझा नेहमी गोंधळ होतो. दोन्ही ऑफच ना?

उत्तर : गोंधळ होणारच, कारण मराठीत आपण दोन्ही ‘ऑफ’ असेच लिहितो आणि बोलतोही तसंच. इंग्रजीत एक एफवाला ‘ऑव्ह’कडे झुकतो, दोन एफवाला खणखणीत ‘ऑफ’.

पण तुम्हाला सांगू का, ते मुळात एकच होते. जुन्या इंग्रजीत एकच शब्द होता, ‘पासून, दूर’ या अर्थाचा. वाक्यात जोर देऊन उच्चारला की एक रूप, घाईत उच्चारला की दुसरं. पुढे जोरवाल्याला दोन एफ मिळाले, बिनजोरवाल्याला एक, आणि 17 व्या शतकापर्यंत दोघांची कायमची वाटणी झाली. एक एफवाला मग ‘चा-ची-चे’ करत बसला. तरी जुनं रक्त कुठेकुठे दिसतं : ‘क्युअर्ड ऑफ’, आजारापासून सुटका. ‘रॉब्ड ऑफ’, जवळचं लांब नेलं. इथे एकच एफ, पण अर्थ दूरचाच.

आणि त्याहून जुनं घराणं काढायचं तर हा शब्द आपल्या संस्कृत ‘अप’चा सख्खा नातेवाईक. लॅटिनमध्ये ‘अब’, ग्रीकमध्ये ‘अपो’, संस्कृतात ‘अप’, सगळे एकाच मुळाचे. अपहरण म्हणजे दूर नेणं. अपसरण म्हणजे दूर सरकणं, त्याला ‘गो ऑफ’चं शब्दशः भाषांतर म्हणायला हरकत नाही. आता अपशब्द, अपकीर्ती, अपमान आठवा, इथे ‘दूर’चं ‘वाईट’ झालंय. दूध ‘ऑफ’ होतं तेव्हाही दूरचं वाईटच होतं ना? हे मला पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले होते (सुटले बरं का). फक्त इंग्रजीतला ‘वर’ अर्थाचा ‘अप’ यात मिसळू नका, तो वेगळ्या घरचा.

तुमच्यापुरता नियम सांगते. क्रियापदाला चिकटून अर्थ फिरवत असेल तर बहुतेक वेळा दोन एफ. ‘चा-ची-चे’ लावून वाक्य जमत असेल तर एक.

प्रश्न : दिवा ‘गोज ऑफ’ की ‘गोज आउट’?

उत्तर : दोन्ही चालतं. मेणबत्ती, शेकोटी, चूल म्हणजे ज्याला ज्योत आहे ते फक्त ‘आउट’. हीटर, टीव्ही फक्त ‘ऑफ’. विजेचा दिवा ज्योतीचा वारस आणि बटणाचाही, म्हणून त्याला दोन्ही घरचा हक्क. अलार्म मात्र कधीच ‘गो आउट’ होत नाही.

प्रश्न : माझ्या डान्सच्या व्हिडिओखाली एका परदेशी मुलीने लिहिलंय, ‘यू वेंट ऑफ!’ आईला दाखवलं तर ती म्हणाली बिघडलीस असं म्हणतेय, डिलीट कर. खरंच का?

उत्तर : डिलीट करू नकोस! आईंनी दुधाचा अर्थ लावलाय, त्यांचं चुकलं नाही पण कर्ता बघायला विसरल्या. ही तारीफ आहे, ती पण भरभरून. तरुण मुलांच्या बोलण्यात कुणी बेफाम नाचलं, गायलं, खेळलं की ‘वेंट ऑफ’. ऑस्ट्रेलियात तर पार्टी दणक्यात चालली असली तरी ‘गोइंग ऑफ’ म्हणतात.

आईंना मराठीत सांग, ‘आज तू नुसती सुटली होतीस’ असं म्हणतेय ती. लगेच कळेल त्यांना.